डोंगरावरचा पाऊस, पेठेतलं पाणी

नारायण पेठेत पाऊस नुसता भुरभुरत असतो आणि तरी बातमी येते, भिडे पूल पाण्याखाली गेला. मग गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास प्रश्न येतो, "इथे पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून?"

हिमालयात पाणी बर्फ होऊन डोंगरावर थांबतं. उन्हाळ्यात ते वितळतं, थोडं जमिनीत मुरतं, उरलेलं ओढ्यांतून नदीला मिळतं. आपल्या सह्याद्रीवर बर्फ नाही. इथे पाणी धरून ठेवतात माती, गवत आणि झाडं.

जूनमध्ये माती कोरडी असते. पहिला पाऊस ती पिऊन टाकते, ओढ्याला फारसं पाणी येत नाही. श्रावणापर्यंत तिचं पोट भरतं. ओल्या फडक्यावर आणखी पाणी ओतलं की ते सरळ निथळतं, तसंच हे. तेवढाच पाऊस जूनमध्ये मुरतो आणि श्रावणात वाहतो. पानशेत, वरसगाव, टेमघर भरली की पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून मुठेत सोडावं लागतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर!

शहरात तर माती झाकलेलीच. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, की ५,००० लिटर पाणी होतं. मुरायला जागा नसली की ते सगळं गटारात, तिथून ओढ्यात जातं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा असाच फुगला आणि माणसांचे जीव गेले.

धरणातून पाणी सोडताना आधी सूचना मिळते. ओढा असा निरोप धाडत नाही. म्हणून नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या मैत्रिणींनो, आषाढ सरला की आपल्या अंगणातल्या पावसावर अंदाज बांधू नका. खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडा रोज ऐका. गटाची वही, पासबुकं, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवा. शिलाई मशीन आणि पापडाचं पीठ वर कोण उचलणार, तेही आजच ठरवा. आणि सोसायटीत फरशी घालायचा विषय निघाला, तर झाडाभोवतीची माती तेवढी मोकळी सोडायला सांगा. तेवढंच पाणी खाली मुरेल.