अंगात कसर असताना सायकल काढावी का?

पहाटेचे पाच वाजलेले असतात. टायरमध्ये रात्रीच हवा भरून ठेवलेली असते, पाण्याच्या बाटल्या तयार असतात, विष्णुपुरीच्या रस्त्यावर कुठे भेटायचे तेही व्हॉट्सॲपवर ठरलेले असते. नेमके उठल्यावर जाणवते की घसा खवखवतोय, अंग जड आहे, डोळ्यांच्या मागे ठणकतेय. मग घरात दोन मते पडतात. ‘अंगात कसर आहे, गपचूप पडून राहा,’ असे एक मत. ‘जरा घाम निघू दे, सगळं मोकळं होईल,’ असे दुसरे. सायकलवाल्याला अर्थातच दुसरे मत पटते.

हा प्रश्न फक्त हौसेने सायकल चालवणाऱ्यांचा नाही. नांदेड आणि लातूरमध्ये पहाटे औषधासारखी सायकल चालवणारे डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी दिसतात. तसेच सायकलवर क्लास गाठणारी मुले, पेपर टाकणारी पोरे, दूधवाले आणि डबा अडकवून कामावर निघालेले मजूरही दिसतात. आजारी वाटत असताना पायडल मारायचे की नाही, हे या सगळ्यांनाच कधी ना कधी ठरवावे लागते. घरातली दोन्ही मते अर्धी बरोबर आहेत. कुठले कधी लागू पडते, हे आजार कोणता आहे त्यावर अवलंबून असते.

मानेच्या वर की खाली?

अमेरिकेतील डॉक्टर रँडी आयकनर यांनी १९९३मध्ये खेळाडूंसाठी एक सोपी कसोटी मांडली. त्रास मानेच्या वर आहे की खाली, एवढेच पाहायचे. नाक वाहणे, शिंका, नाक चोंदणे, घशात हलकी खवखव ही मानेच्या वरची लक्षणे. एवढेच असेल आणि ताप नसेल, तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीतून येणारा खोकला, धाप, उलट्या, जुलाब यापैकी काहीही असेल, तर सायकल जागेवरच बरी. आयकनर यांनी एक पुस्तीही जोडली होती. वरची लक्षणे असली तरी पहिली दहा मिनिटे अगदी हळू जायचे. अंग मोकळे झाले तर पुढे, डोके ठणकू लागले किंवा पाय जड झाले तर घरी.

साध्या सर्दीत व्यायाम केल्याने काय होते, हे अमेरिकेतल्याच बॉल स्टेट विद्यापीठातील थॉमस वाइडनर आणि सहकाऱ्यांनी तपासले. त्यांनी ५० तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला. त्यांतील ३४ जणांनी दिवसाआड ४० मिनिटे मध्यम व्यायाम केला, उरलेल्या १६ जणांनी केला नाही. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, व्यायामाने सर्दी वाढली नाही आणि लवकर बरीही झाली नाही. म्हणजे घाम काढून सर्दी पळवता येते, हा समज खरा नाही. पण नुसत्या सर्दीसाठी आठवडाभर झोपून राहण्याचेही कारण नाही. मात्र ही मंडळी तरुण आणि निरोगी होती, विषाणू सौम्य होता, व्यायामही बेताचा होता. त्यावरून तापात शंभर किलोमीटर मारण्याची परवानगी मिळत नाही.

ताप असेल तर सायकल नाही

सायकल चालवताना स्नायू जितकी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीर त्वचेकडे रक्त वळवते आणि घाम काढते. तापात मेंदूने शरीराचे तापमान आधीच वर नेऊन ठेवलेले असते. त्यात व्यायामाची उष्णता आणि आपल्याकडच्या उन्हाची भर पडली की निचरा अपुरा पडतो. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा धडधाकट माणसालाही सकाळी नऊनंतर सायकल नकोशी होते. तापलेल्या माणसाला तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

हृदयालाही जादा काम पडते. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. एरवी ७० असणारी नाडी १०२ फॅरनहाइट तापात नुसते पडून असतानाही नव्वदीत जाते. चढ सुरू होण्याआधीच हृदय चढाला लागलेले असते.

म्हणून थर्मामीटर आणि घड्याळ या दोन वस्तू पुरेशा आहेत. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. बरे असताना आठवडाभर मोजून ठेवली की आपला नेहमीचा आकडा कळतो. तो दहा किंवा जास्त ठोक्यांनी वाढलेला असेल आणि अंगही दुखत असेल, तर थर्मामीटरमध्ये ताप दिसायच्या आधीच शरीराने इशारा दिला आहे, असे समजावे.

गोळी घेतली म्हणजे ताप गेला नाही

पॅरासिटामॉल घेऊन निघणे ही सर्रास होणारी चूक आहे. गोळीचा असर चार ते सहा तास राहतो. तेवढा वेळ तापाचा आकडा खाली येतो, आजार होता तिथेच असतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायला सायकलवर चांगला दिवस जातो. सकाळी गोळी घेऊन निघालेल्याचा ताप अर्ध्या वाटेत, भर उन्हात, बाजूने ट्रक जात असताना पुन्हा चढू शकतो.

सर्दीच्या गोळ्यांचा धोका वेगळा. सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळ्यांनी झापड येते आणि हात-पाय मंदावतात. नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब वाढतो आणि छातीत धडधडते. बीपी किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी अशी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि घेतली तर त्या दिवशी सायकल काढू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही आजारपणात जेवण कमी झालेले असताना सायकल चालवणे टाळावे. साखर अचानक उतरून रस्त्यातच चक्कर येऊ शकते.

आपल्याकडचा ताप नुसता ‘व्हायरल’ नसतो

पावसाळ्यात आणि नंतरच्या महिन्यांत मराठवाड्यात ताप आला की डेंग्यू, चिकुनगुनिया, मलेरिया, टायफॉइड अशा सगळ्या शक्यता असतात. लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जिथे नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येते, तिथे घरोघरी टाक्या आणि बॅरल भरून ठेवावेच लागतात, आणि डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

डेंग्यूत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ताप उतरला की माणसाला वाटते, सुटलो. पण आजाराचा कठीण काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारासच येतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्तदाब उतरतो, प्लेटलेट कमी होतात. अशा वेळी सायकलवर चक्कर येऊन पडल्यास साध्या माराचाही रक्तस्राव थांबता थांबत नाही. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणे यापैकी काही दिसले तर थेट दवाखाना गाठावा. डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नये.

चिकुनगुनियात ताप जातो, पण मनगटे, बोटे आणि घोटे आठवडेच्या आठवडे दुखतात. ब्रेक पूर्ण दाबता येत नसेल, तर सायकल रस्त्यावर आणू नये.

हृदयाला सूज

तापात कष्टाचा व्यायाम करू नये, यामागचे सर्वांत गंभीर कारण म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी, फ्लू, कोविड अशा अनेक विषाणूंमुळे ती येऊ शकते. ती सर्रास होत नाही, पण झाली तर तरुण आणि तंदुरुस्त माणसालाही सोडत नाही. १९७०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉक्सॅकी विषाणूची लागण झालेल्या उंदरांना पोहायला लावले होते. आराम करणाऱ्या उंदरांपेक्षा त्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी जास्त वाढला आणि मृत्यूही जास्त झाले.

माणसांमधला अनुभव स्वीडनचा. नकाशा घेऊन रानावनातून धावण्याच्या ओरिएंटीअरिंग या खेळातील १६ तरुण खेळाडू १९७९ ते १९९२ या काळात हृदय बंद पडून अचानक गेले. तपासणीत सर्वाधिक आढळलेला दोष मायोकार्डायटिसचा होता. १९९२च्या अखेरीस तिथे काही महिने कडक सराव आणि स्पर्धा थांबवण्यात आल्या, आजारी असताना सराव करू नये असे बजावण्यात आले. नंतरची काही वर्षे असे मृत्यू झाले नाहीत.

ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत छातीत दुखणे, धडधडणे, नेहमीच्या चढावर विनाकारण धाप लागणे किंवा भोवळ येणे असे काही जाणवले, तर सायकल बाजूला ठेवून ईसीजी करून घ्यावा. मायोकार्डायटिस निघाला तर तीन ते सहा महिने कष्टाचा व्यायाम बंद ठेवावा लागतो.

ज्यांना जावेच लागते

हौशी सायकलस्वाराची एक फेरी बुडते, मजुराचा दिवसाचा रोज बुडतो. नीटची तयारी करणाऱ्या पोराला टेस्ट चुकवायची नसते. घरी राहा, हा सल्ला त्यांना दरवेळी परवडत नाही. पण कामावर जाणे आणि सायकलने जाणे या दोन गोष्टी निदान वेगळ्या करता येतात. ताप असेल तर त्या दिवशी रिक्षा, शेजाऱ्याच्या गाडीवर डबलसीट किंवा एसटी बरी. सायकलनेच जायचे असेल तर ते फक्त सर्दीत, उन्हाआधी, सावकाश आणि चढावर उतरून हातात धरून. खोकणाऱ्याने ग्रुपमध्ये मागे-पुढे चिकटून जाऊ नये, कारण आजार मागच्यालाही मिळतो.

पुन्हा कधी?

गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसावा, जेवण आणि झोप नेहमीसारखी असावी, सकाळची नाडी जागेवर आलेली असावी. या तिन्ही गोष्टी जमल्या की पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर वीस मिनिटे, बोलता येईल एवढ्याच वेगाने जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा नसेल तर थोडे अंतर वाढवावे. जितके दिवस ताप होता, निदान तितके दिवस तरी जोर लावू नये. डेंग्यू, टायफॉइड किंवा न्यूमोनियानंतर मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आठवडाभराच्या विश्रांतीने तंदुरुस्तीत पडणारा फरक किरकोळ असतो. तो पुढच्या आठ-दहा दिवसांत भरून निघतो. तेव्हा पहाटे पाचला ग्रुपवर ‘आज ताप आहे, येत नाही’ असा मेसेज टाकून पुन्हा पांघरूण ओढायला हरकत नाही.