हुशार, पण धांदरट?

‘पोरगं हुशार आहे, पण धांदरट!’ भांडगावात असो की दौंडला, आईबापांची ही तक्रार खोटी नसते. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांच्या हाती पाकीट दिलं. आत एक डॉलर. आत्ता ठेवा, किंवा परत करा आणि आठवड्यानं दोन घ्या. मुलांच्या स्वयंशिस्तीबद्दल पालक-शिक्षकांची मतंही घेतली. वर्षअखेरच्या गुणांतला फरक बुद्ध्यांकापेक्षा स्वयंशिस्तीनं दुपटीहून जास्त उलगडला.

आपल्याकडे ‘कोणतेही दोन सोडवा’ ही ओळ न वाचताच पोरगं चारही प्रश्न सोडवत बसतं, आणि वेळ संपतो. त्याला मठ्ठ म्हणू नका; कमी पडते ती शिस्त. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जादा मिळतात. ती पेपर पुन्हा वाचायला वापरण्याची सवय घरीच लावा.