काळजात धस्स होतं तेव्हा



३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. पुढे गावं नव्या जागी वसली. पण १० जुलै २०२४ ला सकाळी नांदेड-हिंगोलीकडे धक्के बसले, तसे आजही बसले की ती पहाट पाहिलेल्या बाईच्या काळजात धस्स होतं.

मोठ्या आघातानंतर असं होणं साहजिक आहे. बहुतेक जणी हळूहळू सावरतात. पण तेच दृश्य सारखं डोळ्यांपुढे येणं, वाईट स्वप्नं पडणं, जरा आवाज झाला की दचकणं, त्या जागेकडे जाणं टाळणं, हे महिन्याहून जास्त चाललं तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. अपघात, घरातली मारहाण, घरच्या माणसाची आत्महत्या यानंतरही तो होतो.

याचा हृदयाशी काय संबंध? भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. ठोके वाढतात, बीपी चढतो. धोका टळला की सगळं निवतं. या आजारात मात्र धोका नसतानाही शरीर पुन्हा पुन्हा तयारीला लागतं. झोप उडते. काही जणी तंबाखू, मिश्रीचा आधार घेतात. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या खराब होतात. अमेरिकेत सुमारे पन्नास हजार नर्सताईंचा वीस वर्षं अभ्यास झाला. ज्यांना या आजाराची लक्षणं जास्त होती, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण, आघात न झालेल्या बायकांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त दिसलं.

म्हणजे प्रत्येकीला झटका येईलच असं नाही. पण मनाचं दुखणं अंगावर काढू नये, हे नक्की.

मग काय करायचं? गटाच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. उपकेंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्या. डॉक्टरांना धडधडीबरोबर झोपेचं आणि भीतीचंही सांगा. समुपदेशन आणि औषधं, दोन्हींनी बरं वाटतं. कुणी बोलली तर ऐका. "विसर आता" म्हणू नका, आणि नको असेल तर खोदूनही विचारू नका. टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून मोफत बोलता येतं.

आणि छातीत दाब, दम लागणं, घाम, जबडा किंवा पाठ दुखणं असं अचानक झालं, तर गॅस झाला किंवा घाबरली म्हणून थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.