पुढचे शॉकअप आणि लेकीचे कोपर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज स्कूटर आहे. तिचे ऑईल वेळेवर बदलले, ब्रेक आवळून घेतले आणि विम्याचे पैसे भरले की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. पुढच्या चाकाजवळच्या शॉकअपची आठवण मात्र कुणालाच होत नाही. मलाही झाली नव्हती. ती माझ्या लेकीच्या सोललेल्या कोपराने करून दिली.

माझी ॲक्टिव्हा २०१२ सालची. गेल्या वर्षी लेकीने नर्सिंगला प्रवेश घेतला, सकाळच्या पाळीला बस वेळेवर मिळेना, म्हणून गाडी तिच्या ताब्यात गेली. महिन्याभरात ती दोनदा म्हणाली, "पप्पा, गाडीचं पुढचं उड्या मारतं." मी लक्ष दिले नाही. "हॅण्डल घट्ट धर, होईल सवय," एवढे सांगून मी पेपरात तोंड घातले. तिसऱ्या वेळी ती काही बोलली नाही, कोपर आणि गुडघा सोलून घरी आली. वळणावर रस्ता उखडलेला होता, तिने ब्रेक दाबला आणि पुढचे चाक बाजूला सरकले. मागून मोठे वाहन नव्हते म्हणून निभावले. तरीही मी तिलाच बोललो. "मुलींना ब्रेकचा अंदाज नसतो," हे वाक्य माझ्याच तोंडून निघाले. सभांमधून मी स्त्री-पुरुष समतेवर बोलत असतो, याची आठवण पत्नीने तिथल्या तिथे करून दिली. असो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका दुकानात नेली. दुकानदाराने हॅण्डल दोनदा दाबून पाहिले आणि निदान सांगितले: "स्प्रिंग बसल्यात. हेवी शॉकअप टाका, दगडासारखी गाडी राहील." मला ते पटले. मजबूत म्हणजे चांगले, असा आपला साधा हिशेब असतो. पैसे मोजले आणि गाडी खरोखरच दगडासारखी झाली. माझ्या ७८ किलोंना ती बरी वाटली. लेकीचे वजन ४८ किलो. ती संध्याकाळी म्हणाली, "आता तर आधीपेक्षा जास्त आपटते."

या वेळी मात्र मी ऐकले. ओळखीतून एक वयस्कर मिस्त्री सापडले. त्यांची निम्मी हयात चेतक दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी पाना उचलण्यापूर्वी लेकीला विचारले, "बेटा, कुठं उडते? खड्ड्यात की बारीक गिट्टीवर? ब्रेक दाबल्यावर की नुसतीच?" मी मध्येच उत्तर द्यायला गेलो तर म्हणाले, "साहेब, गाडी कोण चालवतं?" मी गप्प बसलो.

त्यांनी जे समजावून सांगितले ते माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाच्याही डोक्यात शिरले. शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे चालतात. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून घेते. पण साठवलेला धक्का ती लगेच परत फेकते. तो फेकू न देण्याचे काम आतल्या तेलाचे. दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाताना अडते आणि उसळी तिथेच विरते. माझ्या जुन्या शॉकअपची स्प्रिंग ठीकच होती, तेल गळून गेले होते. नळीवर ओलसर काळा थर वर्षभर दिसत होता, मी तो चिखल समजून पुसत होतो. म्हणजे आजार तेलाचा आणि औषध स्प्रिंगचे! त्यातून ती जाड स्प्रिंग हलक्या माणसाखाली दबतच नाही. मग चाक खड्ड्यात उतरत नाही, उंचवट्यावर वर चढत नाही, अख्खी गाडीच उचलली जाते. टायर रस्त्यावरून सुटला की ब्रेक कितीही चांगला असो, तो काय धरणार?

मिस्त्रींनी शिंप्याची टेप आणली. गाडी सरळ उभी करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजले आणि लेकीला बसवून पुन्हा मोजले. जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक. माणूस बसल्यावर शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या पाव ते तृतीयांश दबायला हवा, म्हणजे खड्डा आला तर चाकाला खाली उतरायलाही जागा राहते. हे माप कोणीही घरी घेऊ शकतो, आणि रोज चालवणाऱ्याला बसवूनच घ्यावे.

पुढचा दोष मात्र शॉकअपचा नव्हताच. गाडी मधल्या स्टॅण्डवर घेतली, मला सीट मागून दाबायला लावली, पुढचे चाक अधांतरी झाले. त्यांनी चाक खालून धरून मागे-पुढे हलवले तर खट्‌खट् आवाज. चाक ज्या लहान आडव्या दांड्यांवर वर-खाली होते, त्यांचे बुश झिजलेले. हॅण्डल हळूहळू फिरवले तर बरोबर मध्यावर अडखळले, म्हणजे कोनसेटमध्ये खाच पडलेली. हे दोन्ही तसेच ठेवून वर कितीही भारी शॉकअप लावले तरी ते पडक्या भिंतीला रंग देण्यासारखेच. शेवटी कोनसेट आणि बुश नवे, त्यांना ग्रीस, कंपनीच्या मापाचे शॉकअप जोडीनेच (एकच बदलला तर दोन बाजू दोन तऱ्हेने चालतात) आणि टायरमध्ये हवा २२. ही हवेची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. कंपनीने या गाडीच्या पुढच्या चाकाला २२ सांगितलेले आहे आणि पंपावरची मुले न विचारता ३५ भरतात. टणक टायर हाही टणक शॉकअपच.

काम चालू असताना चेतकचा विषय निघाला. १९७२ साली आलेली ही स्कूटर आमच्या आकुर्डीत बनायची, आणि वडिलांच्या चेतकवर पुढे उभा राहून मी शाळेत गेलो आहे. वडिलांनी पुढचा ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालायची, आम्ही भावंडे म्हणायचो, चेतक नमस्कार करते. मिस्त्री म्हणाले, तो दोष नव्हे, ती बनावटच तशी. ही घडण मूळची इटलीच्या व्हेस्पाची. ती १९४६ साली बाजारात आली आणि तिचा आराखडा कोराडिनो डास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याने केला होता. विमानाच्या चाकासारखे पुढचे चाक त्याने एकाच बाजूने धरले, त्यामुळे पंक्चर झाले की नट काढून स्टेपनी लावता येई. पण ब्रेक त्या मागे वळलेल्या दांडीवरच बसवलेला असल्याने तो धरला की दांडीच दुमडते आणि नाक वाकते. हे ऐकताना मला वडिलांचे आखडलेले खांदे आठवले. तो माणूस रोज त्या नमस्काराला हातांनी आवर घालत होता.

नव्या गाड्यांत पुढे मोटारसायकलसारखे टेलिस्कोपिक फोर्क आले आहेत. ॲक्सेसला २००७ पासून, ज्युपिटरला २०१३ पासून, ॲक्टिव्हाच्या ११० सीसी गाडीला मात्र २०२० मध्ये, बारा इंची पुढच्या चाकासह. दहा इंची चाक ज्या खड्ड्यात बुडते त्यावरून बारा इंची सुखाने जाते, हा फायदा खरा आहे. अशा फोर्कमध्ये तेल बदलता येते. दोन्ही नळ्यांत ते पुस्तकात दिलेल्या मापाचे आणि सारखेच हवे. दाट तेल घातले की उसळी मंदावते, पण फार दाट घातले तर चाक रस्त्याच्या मागे पडते. स्प्रिंगखाली वॉशर घालून गाडी 'टाईट' करून देणारेही भेटतात. वॉशरने गाडीचे नाक थोडे वर राहते एवढेच, स्प्रिंग जाड होत नाही.

जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा अख्खा फोर्क बसवायचा मोह मलाही झाला होता. मिस्त्रींनी हात जोडले. हॅण्डलचा कोन, ब्रेकची केबल, सगळेच बिघडते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयते निमित्त सापडते. दिवसभर फायलीच उपसणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

खर्च त्या हेवी शॉकअपच्या निम्म्याने आला. गाडी घेऊन लेक त्याच उखडलेल्या वळणावरून मुद्दाम जाऊन आली, मी गेटपाशी उभा. आल्यावर हेल्मेट काढत एवढेच म्हणाली, "आता रस्ता कळतो." मी तिला त्या दिवशीच्या वाक्याबद्दल काही बोललो, ते इथे लिहीत नाही.

आता दर पहिल्या रविवारी तीच हॅण्डल दाबून सोडते. पुढचे एकदा वर येऊन थांबले तर ठीक, दुसऱ्यांदा डुलले तर तेल संपत आले. गेल्या रविवारी तिने मला मागे बसवले आणि मागचाही शॉकअप डुलतो असे जाहीर केले. पगार झाला की तो बदलायचा आहे.