हक्क सोडला, की सोडवून घेतला?

उपवास सोडावा, वैर सोडावे, सत्पात्री दानाचे उदक सोडावे, असे आपल्याकडे म्हणतात. मराठीतील ‘सोडणे’ हे क्रियापद असे मोठे उदार आहे. ह्या उदार क्रियापदाच्या पंक्तीला जमीनजुमल्याच्या व्यवहाराने एक शब्द आणून बसविला आहे, तो म्हणजे ‘हक्कसोड’. बाप वारला, तेराव्याचे जेवण उरकले, की भावाच्या तोंडी हा शब्द येतो. पुढे एखाद्या सोयीच्या दिवशी सासरची बहीण तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणली जाते. दस्त तयारच असतो. ती कॅमेऱ्यासमोर बसते, यंत्रावर अंगठा टेकते, दाखविलेल्या जागी सह्या करते, आणि वडिलोपार्जित मिळकतीतील तिचा हिस्सा ‘स्वखुशीने व विनामोबदला’ भावाच्या नावे होतो. बाहेर आल्यावर तिला साडीचोळी होते, भावजय डोळ्यांना पदर लावते, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत जाते. जन्मसिद्ध हक्काची इतकी स्वस्त आणि इतकी गोड विल्हेवाट दुसऱ्या कोणत्याही कचेरीत लागत नसेल!

बहिणीने भावाला काही देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. गरीब भावाची ओढगस्त पाहून सुखवस्तू बहिणीने आपला वाटा त्याच्या पदरात टाकला, तर ते औदार्यच होय, आणि कायद्याने त्याच्या आड येण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, आपण जे देतो आहोत ते किती आहे, हे त्या बाईला ठाऊक होते काय? दस्तात गट क्रमांक असतो, चतुःसीमा असतात, भावाचे वय आणि धंदा असतो. परंतु तुझ्या वाट्याला अमुक एकर जमीन येते, तिची आजची किंमत तमुक रुपये आहे, हा साधा आकडा पुष्कळदा तिच्या कानावर पडतच नाही. ज्या दानाचे माप दात्याला माहीत नाही, त्याला दान कसे म्हणावे?

आणि हे माप तिच्या पदरात काही सुखासुखी पडलेले नाही. १९३७ साली डॉ. जी. व्ही. देशमुख यांनी पुढाकार घेऊन हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा करविला, तो विधवेपुरता, आणि तोही तिच्या हयातीपुरता हक्क देणारा. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने तो मुलाच्या बरोबरीचा केला, आणि त्यावर देशभर केवढे काहूर माजले! धर्म बुडाला, कुटुंब मोडले, बहीण-भाऊ एकमेकांचे वैरी होणार, अशी भाकिते थोरामोठ्यांनी केली. हिंदू कोड बिल रखडले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून ते मंजूर झाले. त्यांपैकी हिंदू वारसा कायदा आपल्या खानदेशच्या हरिभाऊ पाटसकरांनी संसदेतून पार नेला व तो १७ जून १९५६ पासून अमलात आला.

तथापि १९५६ च्या कायद्याने मुलीला दार उघडून दिले ते किलकिलेच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क मुलाला, मुलीला नाही, ही जुनी मिताक्षरा व्यवस्था त्याने तशीच ठेवली होती. हिशेब मांडून पाहा. आई आधीच निवर्तलेली, बाप, दोन मुलगे व एक मुलगी, आणि नऊ एकर वडिलोपार्जित जमीन. बाप वारला की प्रथम बाप व दोन मुलगे यांच्यात कागदोपत्री वाटणी धरावयाची, म्हणजे प्रत्येकी तीन एकर. मग बापाच्या तीन एकरांचे तीन वारसांत तीन भाग. मुलग्यांना चार-चार एकर, मुलीला एक! राहत्या घराचे तर त्याहून विशेष. भाऊ आपण होऊन वाटणी करीपर्यंत बहिणीने घराची वाटणी मागावयाची नाही, असे कलमच त्या कायद्यात होते.

ही विषमता काढून टाकण्यास आंध्र प्रदेशाने १९८६ साली व तामिळनाडूने १९८९ साली आरंभ केला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला खरा, पण त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले तिला वगळून. म्हणजे एकाच आईच्या पोटच्या दोन बहिणींपैकी जी मेमध्ये बोहल्यावर चढली ती परकी, आणि जी दिवाळीनंतर चढली ती घरची! ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद पुसला आणि घराच्या वाटणीचे ते कलमही रद्द केले. तरीही २००५ मध्ये बाप जिवंत असावयास हवा होता की नाही, यावर पंधरा वर्षे काथ्याकूट चालला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निर्वाळा दिला की, मुलीचा हक्क तिच्या जन्माने आहे, त्याला बापाच्या हयातीची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी ज्या वाटण्या रीतसर पार पडल्या त्यांना धक्का नाही, पण ‘आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली होती’ ही सबब सहजासहजी ऐकून घेतली जाणार नाही, असेही त्यांनी बजावले. आता त्या नऊ एकरांत मुलीचे तीन एकर झाले, भावांइतकेच.

१९३७ पासून २०२० पर्यंत त्र्याऐंशी वर्षे झाली. संसदेत, विधिमंडळांत, न्यायालयांत तीन पिढ्यांनी जे मिळविले, ते कचेरीतील एका बाकावर बसून पंधरा मिनिटांत परत जाते. त्यासाठी कोणताही कायदा मोडावा लागत नाही, हीच ह्या प्रकरणातील खरी मेख आहे.

भावांचे म्हणणे आम्हांला माहीत आहे. ‘तिच्या लग्नात आम्ही कर्ज काढले’, हे पहिले. परंतु तो पैसा गेला कोठे? मंडपात, जेवणावळीत आणि वरपक्षाच्या घशात. हुंडा देणे-घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तेव्हा केलेल्या गुन्ह्याची रक्कम तिच्या वारशातून वळती करून घेण्याचा हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो? आणि त्याच मांडवात भावाच्या लग्नाला जो खर्च झाला, तो मात्र कोणी त्याच्या वाट्यातून कापीत नाही. ‘तिला सासरी मिळेलच’, हे दुसरे. सासरी तिला नवऱ्याच्या पश्चात मिळेल, आणि नवऱ्याच्या बहिणीकडूनही असाच कागद करून घेतलेला असेल!

तिसरे म्हणणे मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. म्हाताऱ्या आईबापांचे दुखणे ज्याने काढले, दुष्काळात ज्याने विहीर खोदली, सोसायटीचे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, तो भाऊ म्हणतो की, हातात उरली पाच एकर, तिचे तुकडे करून खावे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि बहिणीच्या हक्काचा कैवार घेणाऱ्यांनी त्याला बगल देऊन चालणार नाही. त्याने फेडलेल्या कर्जाचा, खोदलेल्या विहिरीचा हिशेब वाटणीच्या वेळी अवश्य व्हावा. परंतु तुकड्यांच्या भीतीला कायद्यात उत्तर आहे. बहिणीचा वाटा म्हणजे तिने शेतात कुंपण घालावे असा अर्थ नव्हे. सहवारसाने आपला हिस्सा विकावयाचे ठरविल्यास तो विकत घेण्याचा पहिला मान इतर वारसांचा, असे वारसा कायद्याचे बाविसावे कलम सांगते, आणि ते शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले आहे. भावाने तिचा वाटा किंमत ठरवून, हप्त्याने का होईना, विकत घ्यावा. सर्वांची संमती असेल तर महसूल संहितेच्या पंच्याऐंशीव्या कलमाखाली तहसीलदाराकडून वाटप करून घ्यावे. त्याला दिवाणी दाव्याची पायरी चढावी लागत नाही. हे मार्ग उघडे असता फुकटचा मार्गच सर्वांना का सुचावा?

बहीण सही का करते, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. तिला तीन एकर आणि माहेर यांतून एक निवडावयास सांगितलेले असते. उघड कोणी तसे म्हणत नाही. पण बाळंतपणाला कोठे जावयाचे, नवऱ्याने टाकले तर कोणाच्या ओसरीवर उभे राहावयाचे, भाऊबीजेला ओवाळावयाचे कोणाला, हे सारे त्या कागदाच्या मागे उभे असते. ज्या समाजात माहेर हा स्त्रीचा एकमेव विमा आहे, तेथे विम्याचा हप्ता म्हणून ती जमीन देऊन टाकते. मौज अशी की, स्वतःची जमीन असलेल्या बाईला त्या विम्याची गरजच फारशी पडत नाही! आपला प्रांत ह्या बाबतीत पूर्वी इतका कृपण नव्हता. पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला, त्यात बहिणीला वारसांच्या रांगेत इतर प्रांतांहून वरचे स्थान दिले होते, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी ते मान्य केले होते. शास्त्र्याने जे दिले ते बंधुराजांना जड का व्हावे?

हक्कसोडीने निदान भांडण तरी टळते, असा एक समज आहे. तोही खरा नाही. भांडण पुढे ढकलले जाते एवढेच. गावावरून महामार्ग जावयाचा ठरतो, औद्योगिक वसाहतीसाठी जमीन संपादन होते, मोबदल्याचे आकडे गावात पसरतात, आणि मग बहिणीच्या मुलांना कळते की, आईने पंधरा वर्षांपूर्वी साडीचोळीवर काय देऊन टाकले. मग दावा उभा राहतो. दस्त फसवणुकीने किंवा दडपणाने झाला असेल तर तो रद्द होऊ शकतो, पण तसे कळल्यापासून तीन वर्षांत मागणी करावी लागते, आणि न कळल्याचा पुरावा तिनेच द्यावयाचा. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा, मग शेतजमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत प्रत्यक्ष वाटप, मध्ये अपिले, मध्ये एखाद्या पक्षकाराचा मृत्यू व त्याच्या वारसांची नोंद. दावा लावणाऱ्यांना निकाल पाहावयास मिळतोच असे नाही.

जेथे हक्कसोड होत नाही, तेथे तलाठ्याच्या दप्तरातील एक जुनी युक्ती कामास येते. सातबाऱ्यावर मालकांच्या जागी भावांची नावे लागतात, आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात, जेथे बँकेचा बोजा आणि विहिरीतील पाण्याचा हिस्सा लिहितात, तेथे! सख्खी लेक आणि सोसायटीचे कर्ज शेजारी-शेजारी. फेरफाराने मालकी ठरत नाही, असे न्यायालये वारंवार सांगतात. पण जमीन विकताना, कर्ज काढताना, मोबदला उचलताना सारे जग सातबाराच पाहते.

शहरवासीयांनी ह्या कथेकडे खेड्याची कथा म्हणून पाहू नये. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत हेच चालते, फक्त शब्द बदलतात. गृहनिर्माण संस्थेच्या कागदावर धाकट्या मुलाचे नाव नामनिर्देशित म्हणून असते, आणि तो स्वतःला मालक समजू लागतो. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. कंपनीच्या समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात हेच सांगितले. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या व्यवस्थेप्रमाणे बापाला मृत्युपत्रानेसुद्धा अर्ध्या मिळकतीबाहेर हात घालता येत नाही, कारण उरलेली अर्धी मुलांची असते, आणि मुलांत मुलगीही आली. तेथील भाऊ-बहिणी एकमेकांचे वैरी झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

शासनाकडे आमची मागणी लहानशीच आहे. हक्कसोडपत्रावर बंदी घालू नये. परंतु असा कोणताही दस्त नोंदविण्यापूर्वी सोडणाऱ्याचा हिस्सा किती, त्याचे क्षेत्र किती आणि शासकीय मूल्यदराप्रमाणे त्याची किंमत किती, हे तीन आकडे दस्ताच्या पहिल्या पानावर ठळक लिहिण्याची सक्ती करावी. निबंधकाने त्या बाईला भावांपासून व दस्तलेखकापासून दूर, एकटीला बसवून ते आकडे तिच्या भाषेत वाचून दाखवावेत, आणि मग विचारावे. मुद्रांकाच्या किमतीसाठी शासनाने मिळकतींचे मूल्यदर वर्षानुवर्षे ठरवून ठेवले आहेत. स्वतःच्या तिजोरीसाठी जो आकडा काढता येतो, तो बहिणीला सांगण्यास अडचण कोणती?

आणि ज्या बहिणींनी अद्याप सही केलेली नाही, त्यांनी निबंधकाच्या कचेरीची पायरी चढण्यापूर्वी वडिलांच्या जमिनीचा सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार काढून घ्यावा. तो आता घरबसल्या संगणकावरही मिळतो. आपले नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहावे. चुकीच्या फेरफारावर तलाठ्याकडे लेखी हरकत घेता येते, व तिची पोच मागून घ्यावी. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्या समितीची कचेरी असते, आणि तेथे जावयाला भावाची सोबत लागत नाही.