पुन्हा बांधलेलं, तरीही अस्सल वॉर्सा

वॉर्साच्या जुन्या भागातली घरं जेमतेम सत्तर वर्षांची, मग त्यात ऐतिहासिक ते काय, असं अनेक पर्यटक विचारतात. आक्षेप वरवर रास्त आहे. १९४४ च्या उठावानंतर नाझी फौजांनी हे शहर ठरवून जमीनदोस्त केलं; जुन्या भागातलं ८५ टक्क्यांहून अधिक बांधकाम नष्ट झालं. पण पोलिश लोकांनी ते अंदाजाने उभारलं नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी काढलेले आराखडे आणि अठराव्या शतकातल्या बेलोत्तोची शहरचित्रं त्यांच्यासमोर होती. चित्रकाराने क्वचित कल्पनेची भर घातली होती, हे खरं. तरीही पुसलेली ओळख परत मिळवण्याचा हा हट्ट मला मूळ दगडांइतकाच अस्सल वाटतो. युनेस्कोने १९८० मध्ये जागतिक वारशाचा मान दिला, तोही या पुनर्बांधणीलाच. तिथे गेलात, तर राजवाड्याआधी बाजारचौकातलं वॉर्सा संग्रहालय पाहा.