मनगटावरचा मुकादम



गेल्या वर्षी मुलीने माझ्या मनगटावर एक पट्टा बांधला. “बाबा, दिवसभरात किती चालता ते हा सांगेल,” असे ती म्हणाली. मला मात्र आठवला तो कारखान्यातला स्टॉपवॉचवाला साहेब. मी यंत्रावर असताना तो पाठीशी उभा राही आणि त्याच्या आकड्यांवरून आमच्या कामाचे प्रमाण वाढे. पगार मात्र वाढत नसे. तेव्हा मोजमापाविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. त्यात हालचाल टिपणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. चालताना हात ठराविक लयीत हलतो. ती लय ओळखून यंत्र पावले मोजते. म्हणजे ते पाय पाहत नाही, हात पाहते. म्हणूनच दांड्याला दोन्ही हात धरून हातगाडी ढकलणाऱ्या हमालाची बरीच पावले हिशेबात येत नाहीत. आणि बसल्या जागी हात हलवणाऱ्याच्या नावे न चाललेली पावले जमा होऊ शकतात. पट्ट्याखाली हिरवा प्रकाश असतो. तो रक्तात शोषला जातो. प्रत्येक ठोक्यागणिक त्वचेखालील रक्त कमीजास्त होते, तसा परतणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून नाडी कळते. पट्टा सैल असला की हा हिशेब चुकतो. उष्मांकांचा आकडा तर निव्वळ अंदाजच होय.

आता दहा हजार पावलांविषयी. 1965 साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आले. या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’! आकडा बाजारातून रूढ झाला. शास्त्राची तपासणी मागाहून आली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील 16,000 हून अधिक वयस्क स्त्रियांच्या पाहणीत, रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. 7,500 च्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. तेव्हा आकडा भरला नाही म्हणून कोणी खंत करू नये. आपल्याच मागील आठवड्याशी तुलना करावी. आणि छातीत कळ आली, तर पट्टा काय म्हणतो ते न पाहता डॉक्टर गाठावा.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. हा आकडा कोणाच्या हाती जातो? नागपूर, चंडीगड येथे सफाई कामगारांच्या मनगटावर, ते कोठे आहेत हे वरिष्ठांना दाखवणारी घड्याळे बांधण्यात आली. चंडीगडच्या कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पट्टा तोच, पण मी बांधला तर तो माझा सोबती, आणि मालकाने बांधला तर मुकादम. 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला खरा. परंतु नोकरीच्या कारणांसाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट त्यातच ठेवलेली आहे. म्हणून कामावर असा पट्टा आला, तर चार प्रश्न लेखी विचारावेत : माहिती कशासाठी हवी? ती कोण पाहणार? किती दिवस ठेवणार? तिच्यावरून पगार कापणार काय? आणि हे एकट्याने विचारू नये, सर्वांनी मिळून विचारावे.

मी माझा पट्टा अजून वापरतो. सकाळची फेरी चुकली की तो आठवण देतो. पण रात्री मी तो काढून ठेवतो. निदान झोप तरी बेहिशेबी असावी, एवढेच माझे मागणे आहे.